तात्यांचे डोळे आणि गुरूवरचा दगड

गुरू ग्रहावर लघुग्रह आदळला, तेव्हा मी भाषण करत होते.

हे मी अभिमानानं सांगत नाही. ती घटना घडत असताना दुर्बिणीला डोळा लावून बसलेली माणसं अख्ख्या पृथ्वीवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतील. त्यातला एक माणूस येरवड्यात, आमच्या गच्चीवर, आमच्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसला होता. आणि त्यानं जे पाहिलं ते कसं खोटं आहे, हे त्याला चार मुद्द्यांत पटवून देणारी बाई मी होते. (पाचवा मुद्दाही तयार होता. पण तोवर पाहुणे जिना उतरले होते.)

मुळात आमचं घर पत्रकांवर वाढलेलं. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली आणि त्याच महिन्यात पहिलं पत्रक काढलं, ते शेवटपर्यंत काढतच राहिले. नळाला पाणी नाही, काढा पत्रक. शाळेत मास्तर नाही, काढा पत्रक. मी अक्षरं गिरवली ती त्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर. त्यामुळे इतर मुलं 'कमळ, बदक' वाचत होती तेव्हा मी 'बंधू-भगिनींनो, जागे व्हा!' असं खणखणीत वाचत होते आणि दुपारची झोप मोडल्याबद्दल आईचा धपाटा खात होते.

पप्पा सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. ते निवृत्त झाले, पण त्यांची वही निवृत्त झाली नाही. आमच्या घरात तीनपेक्षा जास्त माणसं एका जागी बसली की ती बैठक होते, आणि बैठक झाली की तिचं इतिवृत्त लिहिलं जातं. आईनं भाजी काय करू म्हणून विचारलं तरी वहीत नोंद पडते: 'चर्चेअंती गवार. एक सदस्य नाराज.' (तो सदस्य मी.)

तर अशा घरातल्या थोरल्या मुलीचं, म्हणजे माझ्या यशोधराताईचं, लग्न अडलं होतं. ताई खराडीला एका कंपनीत आहे. तिच्याच टीममधला अभिजीत, लोणी काळभोरचा. दोघांचं चार वर्षांपासून ठरलेलं. अडचण एकच: अभिजीतचे वडील. त्यांना सगळे तात्या म्हणतात. ऊस, कांदा आणि सोलापूर रस्त्याला लागून जमीन. तात्यांनी नकार कधीच दिला नाही. होकारही दिला नाही. आधी पितृपंधरवडा होता, मग घराचं बांधकाम निघालं, मग ऊसतोड आली. आणि ऊस कारखान्यात पोचल्यावर उगवला गुरू.

"मुलीला गुरुबळ नाही म्हणतात," अभिजीतनं निरोप आणला. बिचारा मान खाली घालून बोलत होता.

आमच्याकडे पत्रिका कुठली असायला! पण त्यांच्या ज्योतिषाचं काहीच अडलं नाही. त्यानं ताईच्या नावावरून रास काढली, वृश्चिक. वृश्चिकेला सध्या गुरू आठवा. तेव्हा गुरू रास बदलेपर्यंत थांबा. मग लगेच चातुर्मास, म्हणजे एकदम दिवाळीनंतर बघू.

"दिवाळीनंतर ते शनी आणतील," ताई म्हणाली. ताई फार बोलत नाही. बोलते ते तोडून बोलते. "अभिजीत वडिलांच्या संमतीशिवाय लग्न करणार नाही. ठीक आहे, तो त्याचा स्वभाव. पण मी आता आणखी एकही ग्रह बघणार नाही. रविवारी तात्या येतायत. हो म्हणाले तर हो. नाहीतर मी बंगलोरची बदली घेतेय. फॉर्म भरून ठेवलाय."

मग तिनं माझ्याकडे, म्हणजे धाकट्या संघमित्राकडे, पाहिलं. "मित्रा, त्या दिवशी तू बोलायचं नाहीस."

"मी? मी कशाला बोलेन?" मी म्हणाले आणि रात्रीच्या आत पत्रकाचा मजकूर लिहून काढला.

कारण मला खरं काय ते कळत होतं. आकाशातला ग्रह पुढे करायचा आणि त्याच्यामागे जात लपवायची! तोंडावर नकार द्यायची हिंमत नाही, म्हणून कोट्यवधी मैलांवरच्या एका गोळ्याला मध्यस्थ करायचं! माझ्या पत्रकाचं नाव होतं 'गुरूला बळ कोणी दिले?' मुद्दे पाच. प्रती दोनशे. (पाहुणे तीन येणार होते. पण दोनशेच्या खाली पत्रक छापणं आमच्या घराण्यात कमीपणाचं समजतात.)

नुसत्या पत्रकावर भागणार नाही म्हणून बिबवेवाडीच्या मधुराकडून दुर्बीण आणली. मधुरा माझी कॉलेजची मैत्रीण, हौशी आकाशनिरीक्षक. घरगुती गॅसच्या सिलिंडरहून उंच अशी ती नळी मी रिक्षात मांडीवर घेऊन येरवड्यापर्यंत आणली. मधुरानं सोबत एक चिमटाही दिला होता. तो नेत्रिकेला (डोळा लावायच्या भिंगाला) लावला, की त्यात मोबाइल बसतो आणि ग्रहाचा व्हिडिओ निघतो. "मोबाइल तिथेच राहू दे," तिनं बजावलं होतं. "कधी काय दिसेल सांगता येत नाही."

रविवारी संध्याकाळी तात्या, अभिजीतची आई म्हणजे काकू, आणि अभिजीत आले. तात्यांचं पांढरं धोतर, टोपी, हातात कांद्याची पिशवी.

"राम राम."

"जय भीम. या, या." पप्पांनी चष्मा पुसला, मोबाइल बघून मनगटावरचं घड्याळ जुळवलं आणि वही उघडली.

"हे काय लिवताय?" तात्यांनी विचारलं.

"इतिवृत्त. बैठकीचं."

"आवो, म्या अजून बसलो बी न्हाय."

"तशीच नोंद आहे. सहा पस्तीस, पाहुणे उभे."

तात्या घाईघाईनं बसले. पप्पांनी तेही लिहिलं.

चहा झाला. पोहे आले. कांद्याच्या भावावर बोलणं झालं, रिंगरोडवर झालं, ज्या विषयासाठी जमलो होतो तो सोडून सगळ्यावर झालं. शेवटी तात्या खाकरले. "तर आमचं म्हणणं आसं, की पोरगी लाखात एक हाय. पर गुरू..."

"तात्या, गुरू म्हणजे काय ते माहीत आहे का तुम्हाला?"

हे मी बोलले. ताईनं डोळे मिटले.

"मित्रा."

"मी नुसतं विचारलं."

"ग्रह हाय," तात्या म्हणाले. "म्हंजी देवच की."

"तो वायूचा गोळा आहे! तो कुणाच्या लग्नात आडवा येत नाही. आडवं काय येतंय, ते या खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे. हिंमत असेल तर ते बोला!"

खोलीत एकदम एवढी शांतता झाली, की पप्पांच्या पेनचा आवाज ऐकू आला. '७.०५. गुरूबाबत तीव्र मतभेद.' काकूंनी पदर सावरला. अभिजीत पोह्यांतले शेंगदाणे मोजू लागला.

"पोहे घ्या अजून," आई म्हणाली. "पोह्यांना रास नसते."

तात्या रागावतील असं मला वाटलं होतं. (खरं सांगायचं तर तशी माझी इच्छा होती. समोरचा रागावला की मुद्दे छान सुचतात.) पण ते म्हणाले, "पोरी, साठी उलटली माझी. जन्मभर गुरूचं नाव घेतलं, पर बगितला न्हाय कदी. तुज्याकडं दुर्बीण हाय म्हणं. दाखीव मला."

आम्ही सगळे गच्चीवर गेलो. फेब्रुवारीतली मोकळी हवा, खाली वाहनांचे हॉर्न, शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी आणि वर, जवळजवळ डोक्यावर, गुरू. शेजारच्या देशमानेकाकू चादरी काढायला म्हणून आल्या आणि दोन चादरी काढायला त्यांना अर्धा तास लागला.

आधी अभिजीतच्या आईनं, काकूंनी, डोळा लावला.

"अगं बया! त्याच्याजवळ बारकी बारकी चार लेकरं हायत!"

"ते त्याचे चंद्र आहेत, काकू."

"चार?" काकू दुर्बीण सोडेनात. "आन आपल्याला एकच?"

मग तात्या स्टुलावर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. डोळा लावला आणि कितीतरी वेळ हललेच नाहीत. मग अगदी हळू, देवळात बोलावं तसं म्हणाले, "पट्टे हायत त्येच्यावर."

"ढगांचे पट्टे. त्याच्यात आपल्या तेराशे पृथ्व्या मावतील, तात्या."

"तेराशे." ते थांबले. "मंग जमीन किती आसंल त्येच्यावर?"

"अजिबात नाही."

"न्हाय म्हंजी?"

"जमीनच नाही. ढग, ढगांखाली आणखी ढग, मग दाट होत जाणारा वायू. पाय ठेवायला जागा नाही."

तात्यांनी दुर्बिणीवरून डोळा न काढता विचारलं, "एवढा मोठा गडी, आन गुंठाभर जमीन न्हाय त्येच्या नावावर? मंग त्यो उभा कशावर हाय?"

आज मला वाटतं, की त्या संध्याकाळी गच्चीवर विचारला गेलेला सगळ्यांत चांगला प्रश्न तो होता. पण माझ्या पत्रकात तो नव्हता. मी मुद्दा क्रमांक दोनवर होते.

"आमच्यासारखाच म्हणा की," आई चादरींकडे बघत बोलली. "आमच्याही नावावर गुंठा नाही. उभे आहोतच."

तात्यांनी दुर्बिणीवरचा डोळा क्षणभर काढला आणि पुन्हा लावला. मी बघितलं, त्यांनी ते ऐकलं होतं.

आता इथं शहाण्या माणसानं गप्प बसायचं असतं. माणूस आपणहून बघतोय, विचारतोय, गुरू आपणहून दिसतोय. मी काय केलं? मला वाटलं, हाच तो ऐतिहासिक क्षण! याचं चित्रण हवं! मी नेत्रिकेच्या चिमट्यातून मोबाइल आधीच काढून घेतला होता, तो अभिजीतच्या हातात दिला आणि म्हणाले, "माझ्याकडे धर. आडवा धर. बंधू-भगिनींनो!"

(श्रोते सात. त्यातल्या एक देशमानेकाकू, त्या चादरीआड.)

मी जोरात होते. 'शतकानुशतके आपल्या डोक्यावर बसवलेल्या या वायूच्या फुग्याला' इथपर्यंत आले होते. तेवढ्यात तात्या ओरडले, "पेटलं!"

"काय?"

"पेटलं की! गुरू पेटला! हितं, कडंला! पांढरीफेक ठिणगी पडली, वाढली आन... आरं, विझली बी!"

"तात्या, असं काही होत नसतं."

"म्या बगितलं."

"मी बघते." मी डोळा लावला. गुरू शांत होता. पट्टे, चार चंद्र, सगळं जागच्या जागी. "काही नाही."

"आता विझली ना! तू बोलत हुतीस तवा व्हती."

मग मी, संघमित्रा, विज्ञानाची विद्यार्थिनी, पत्रकांच्या तिसऱ्या पिढीची वारस, कंबरेवर हात ठेवून उभी राहिले. "एक, तुमच्या डोळ्यात पाणी आलं असेल. दोन, आमच्या डोक्यावरून लोहगाव विमानतळाची विमानं जातात, त्याचा दिवा असेल. तीन, डोळा ताणला की चमकल्याचा भास होतो. आणि चार, भीती! तुमच्या मनात गुरूची भीती आहे, म्हणून तो पेटलेला दिसला. अंधश्रद्धा अशीच जन्माला येते! आता उद्या गावभर सांगाल, मुलीच्या घरी गेलो आणि गुरूच पेटला, हा अपशकुन!"

"म्या अपशकुन म्हणलो का?"

"म्हणाल!"

"आगं, पर म्हणलो का?"

"अहो, म्हणालच ना!"

काकू पुटपुटल्या, "आवो, तुमचं डोळं तपासून घ्या एकदा. परवा घरात बी म्हशीला रेडा म्हणाला हुता."

ते बहुतेक वर्मी लागलं. तात्या उठले. टोपी झटकून डोक्यावर ठेवली. "म्या कारखान्याच्या काट्यावर लबाडी केली न्हाय कदी," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "जे बगितलं ते सांगितलं. चल गं."

अभिजीत एकदा ताईकडे, एकदा वडिलांकडे बघत जिना उतरला. माझा मोबाइल त्याच्याच हातात. अर्ध्या जिन्यावरून परत येऊन त्यानं तो माझ्या हातात ठेवला.

पप्पांनी खाली बसून लिहिलं. '७.४३. पाहुण्यांकडून "पेटलं" असा उद्गार. कु. संघमित्रा यांच्याकडून खंडन. ७.५१. पाहुणे रवाना. विषय अनिर्णित.'

"अनिर्णित नाही, पप्पा," ताई म्हणाली. "फेटाळला, असं लिहा." आणि आत जाऊन तिनं माळ्यावरची मोठी बॅग काढली.

दोन दिवस आमच्या घरात कुणी कुणाशी बोललं नाही. इतिवृत्ताची वही कोरी राहिली. दोन पानं सलग कोरी, हे आमच्या घरात आजोबा गेल्यानंतर पहिल्यांदाच घडलं. बॅग पलंगावर उघडी पडली होती आणि ताई रोज त्यात दोन-दोन कपडे ठेवत होती. एकदम भरली असती तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मधुराचा फोन आला. मला वाटलं, दुर्बीण परत मागतेय.

"रविवारी तू गुरूच लावला होतास ना? किती वाजता? नीट आठवून सांग!"

"का?"

"अगं, आपटला ना! गुरूवर दगड आपटला! परदेशात दोन हौशी लोकांच्या कॅमेऱ्यात आलाय. आपल्या वेळेनं सात त्रेचाळीस. तुझ्या मोबाइलमध्ये आलाय का? मित्रा? हॅलो?"

मी वही उघडली. पप्पांच्या नीटनेटक्या अक्षरात: ७.४३.

मग मी तो व्हिडिओ लावला. अकरा मिनिटांचा. त्यात गुरू कुठेही नाही. पूर्ण वेळ मी आहे. माझ्यामागे स्टुलावर एक म्हातारा माणूस दुर्बिणीला डोळा लावून, अगदी निश्चल. माझं तोंड हलतंय, हात हवेत, आणि मग त्या माणसाच्या अख्ख्या अंगातून एक थरार गेलेला दिसतो. "पेटलं!" तो मधुराला पाठवला, तिनं वेळ ताडून पाहिली. सेकंदाचा फरक नव्हता.

मी पलंगावर बसून राहिले. मधुरा फोनवर सांगत होती. एखाद्या इमारतीएवढा दगड. सूर्याभोवती फिरायला लागून त्याला किती काळ झाला होता कोण जाणे. गुरूनं त्याला ओढून घेतलं, सेकंदाला साठ किलोमीटर या वेगानं. आपटायला खाली जमीन नाहीच. त्या वेगात समोरची विरळ हवाच भिंतीसारखी झाली, आणि दगड ढगांच्या वरच फुटून पेटला. दोन सेकंद. तेवढ्यात तो संपला. खड्डा नाही, राख नाही, आवाज ऐकायला कुणी नाही. दगड फार मोठा असता तर ढगांवर आपल्या पृथ्वीएवढा काळा डाग पडला असता आणि आठवडे टिकला असता. हा तसा लहान. गुरूनं तो गिळला आणि पट्टे पुन्हा सरळ झाले.

आणि तो उजेड तिथून निघाला, तो आपल्यापर्यंत पोचायला जवळपास अडतीस मिनिटं लागली. मी बोट मागे नेत नेत वहीत वर गेले. दगड प्रत्यक्ष आदळला तेव्हा वहीतली नोंद होती, '७.०५. गुरूबाबत तीव्र मतभेद.' म्हणजे मी खाली पोह्यांच्या बशीसमोर गुरूवर ओरडत होते, तेव्हा गुरू पेटत होता. मग तो उजेड अंधारातून अडतीस मिनिटं सरळ चालत आला. मंगळ ओलांडून, येरवड्यातल्या एका गच्चीवर, लोणी काळभोरच्या एका शेतकऱ्याच्या उजव्या डोळ्यात. आणि मी त्याला म्हणाले, विमान असेल.

ताई दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"छापून माफी मागायची," ती म्हणाली. "चारचौघांत खोटं पाडलंस, चारचौघांत वाचून दाखवायची."

'जाहीर माफीनामा' दुपारपर्यंत छापून आला. प्रती दोनशे. (आईनं कपाळावर हात मारला.) पप्पांनी प्रुफात माझी एक वेलांटी सुधारली आणि 'गैरसमजातून' हा शब्द खोडून 'अहंकारातून' असा घातला. मी विरोध नोंदवला नाही.

पप्पा, ताई आणि मी लोणीला पोचलो तर घरात काकू एकट्या. "ह्यास्नी अभिजीत हडपसरला घेऊन गेलाय. डोळ्याच्या डॉक्टरकडं. मोतीबिंदूचं आपरेशन करून टाका म्हणतात! दोन दिस जेवण न्हाय नीट. सारखं म्हणत्यात, मला न्हाई ते दिसाया लागलं."

माझ्या चार मुद्द्यांमुळे एक धडधाकट माणूस डोळे कापून घ्यायला निघाला होता!

हडपसरच्या त्या दवाखान्यात पंचवीसेक माणसं बाकांवर बसली होती. तात्या कोपऱ्यात, डोळ्यांत थेंब घातलेले, बाहुल्या मोठ्या झालेल्या. मी पुढे जाऊन माफीनामा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला.

"कोन हाय? थेंब टाकल्यात. अक्षर दिसंना."

"वाच," ताई माझ्या मागून म्हणाली.

मी वाचायला सुरुवात केली. 'मी, कुमारी संघमित्रा, जाहीर निवेदन करते, की...'

"ओ ताई, इथं शांतता पाळा," कंपाउंडर ओरडला.

"वाचू दे," पप्पा खिशातून वही काढत म्हणाले. "बैठक सुरू झाली आहे."

मी वाचलं. अडखळत वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा मला माझाच मजकूर मोठ्यानं वाचायला नको झाला होता. 'श्री. तात्या यांनी जे पाहिले ते पूर्णपणे सत्य होते. मी अहंकारातून ते नाकारले.' बाकावरचे सगळे पेशंट एक डोळा झाकून माझ्याकडे बघत होते.

वाचून संपलं तेव्हा तात्या म्हणाले, "म्हंजी, पेटलं हुतं?"

"हो, तात्या. गुरूवर दगड आदळला होता."

"खरंच?"

"जगात तुमच्यासारखं डोळ्यानं बघितलेलं आणखी कुणी सापडलेलं नाही. बाकीच्यांना कॅमेऱ्यात दिसलं."

तात्यांनी भिंतीला डोकं टेकलं. मोठ्या झालेल्या बाहुल्यांतून पाणी आलं. ते थेंबांचं होतं की कशाचं, मी विचारलं नाही. मी भासाबद्दल पुन्हा काहीही बोलणार नव्हते.

"मंग खड्डा किती पडला?" एका आजींनी विचारलं.

"आवो आज्जी, खड्डा पडाया जमीनच न्हाय तितं!" तात्या एकदम ताठ बसले. "तेराशे पृथ्व्या मावतील एवढा गडी, आन समदा ढगाचा!" पुढची दहा मिनिटं त्यांनी अख्ख्या दवाखान्याला गुरू समजावून सांगितला. चार चंद्र, पट्टे, ठिणगी. मी दोनशे पत्रकांत जे करू शकले नसते ते त्यांनी एका बाकावरून केलं. कंपाउंडरही पेशंटचं नाव पुकारायचं विसरला.

मग माझ्याकडे नाही, पप्पांकडे वळून ते हळू बोलले, "सायेब, तुमची पोरगी त्या दिशी बोलली ते खोटं नव्हतं. गुरूचं निमित्त हुतं. भावकी काय म्हनंल, ह्येचीच भीती. चार जणं काय म्हनतील म्हणून म्या चार वर्सं ह्या लेकरांस्नी ताटकळत ठिवलं. आन चार जणं म्हनली भास झाला, तर म्या माजं चांगलं डोळं कापाया आलो." ते जरा हसले. "एवढा दगड बसला त्याला, दोन सेकंदात गप्प. वळून बगितलं न्हाय त्येनं. त्यो कशाला माज्या पोराच्या लग्नात बसतोय? ही पोरगी माज्या घरात कधी येतीया, एवढंच सांगा. भावकीला म्या बगतो."

अभिजीतनं तिथेच तोंड फिरवून रुमाल काढला. ताई तात्यांच्या शेजारी बाकावर जाऊन बसली, आणि बंगलोर तिथेच संपलं. पप्पांच्या वहीत नोंद पडली: 'विषय मंजूर. एकमताने.' डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मोतीबिंदू नाही, नजर विशीतल्या पोराला लाजवेल अशी आहे. (म्हैस आणि रेडा या प्रकरणाचा खुलासा मात्र अजून झालेला नाही.)

तेवढ्यात मधुरानं मोबाइलवर एक फॉर्म पाठवला. प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलेल्याची नोंद हवी होती, सगळे निरीक्षक वाट बघत होते. तात्यांना अजून अक्षर दिसत नव्हतं, म्हणून मी शेजारी बसून भरू लागले. निरीक्षकाचं नाव: तात्यांनी पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. ठिकाण: येरवडा. वेळ: सात त्रेचाळीस, साक्षीला पप्पांची वही. प्रकाश किती वेळ टिकला: "पोरी, तू एक वाक्य बोललीस, तेवढा येळ."

शेवटचा रकाना होता, 'निरीक्षणात आलेले अडथळे. उदा. ढग, धूर, वारा, शहराचा उजेड.'

"ढग होते का, तात्या?" मी विचारलं.

"न्हाय."

"वारा?"

"न्हाय."

"मग काय लिहू?"

तात्यांनी त्या मोठ्या झालेल्या बाहुल्या माझ्यावर रोखल्या, दिसत नसताना.

"तुजं नाव लिव."

लिहिलं. आडनावासकट.